रेडिओकाका आणि दुसरा चष्मा

रेडिओकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं, कारण तसं ते स्वतःच सांगायचे. "मला काही सांगू नका हो. माझ्या पोटात काही राहत नाही," असं म्हणून ते समोरच्याला खुर्ची द्यायचे आणि आजवर कोणाचं काय काय त्यांच्या पोटात राहिलं नाही ते सविस्तर ऐकवायला घ्यायचे. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणी केस रंगवायला सुरुवात केली. त्यात दुष्टपणा नावालाही नव्हता. पण ज्याचं लग्न मोडलं होतं त्याला हे कोण समजावणार?

धंदा चष्म्यांचा. दुकान अरुंद आणि लांबच लांब. पुढे काचेचा दरवाजा, दरवाज्याशेजारी भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि पार आत, दुसऱ्या टोकाला, डोळे तपासायची खुर्ची. खुर्चीत बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे तक्ताही दिसायचा आणि गल्लीत कोण आलं-गेलं तेही. खुर्चीमागे पडदा आणि पडद्यामागे काकू. भिंगं घासायचं यंत्र काकूंच्या ताब्यात होतं. काका दिवसभर बोलायचे, यंत्र दिवसभर घरघरायचं आणि काकू गप्प असायच्या. नवऱ्याच्या वाटणीचं गप्प बसणंही या माउलीने स्वतःच करून टाकलंय, असं शेजारचा सलूनवाला म्हणायचा.

काकूंना चष्मे वाचता यायचे. चष्म्यातून नव्हे, चष्मेच. दुरुस्तीला आलेली फ्रेम दिव्याखाली धरून उलटसुलट करायच्या आणि एखादाच शब्द बोलायच्या. "बसला कोणीतरी." "झोपेत." "लहान मूल." वापरून झिजलेल्या फ्रेमवर त्यांचा जीव होता. नाकपट्ट्या पिवळ्या पडलेल्या, दांड्यांचा रंग विटलेला, असा चष्मा हातात आला की त्या तो पुसत म्हणायच्या, "हा नांदला." काकूंकडून एखाद्या वस्तूला मिळणारं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं.

त्या सुमारास सिस्टरांनी मंडळ काढलं. सिस्टर म्हणजे जन्मभर इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्सबाई. आवाज असा की ताप आपोआप उतरावा. पलीकडच्या वस्तीत एका घरात नवऱ्याने बायकोला इतकं मारलं की ती पुन्हा उठली नाही, आणि चौकशीला माणसं आली तेव्हा आजूबाजूचे सगळे म्हणाले, आम्हाला ऐकू यायचं. हे 'ऐकू यायचं' सिस्टरांच्या फार जिव्हारी लागलं. त्या दुकानोदुकानी फिरल्या. सलून, औषधांचं दुकान, शिंपी, दवाखाना, शाळेतली मावशी. ज्यांच्यासमोर बायका निवांत उभ्या राहतात, ज्यांना माणसाची मान, हात, चेहरा जवळून दिसतो, अशी सगळी माणसं त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोळा केली. काय बघायचं, काय विचारायचं, आणि मुख्य म्हणजे काय विचारायचं नाही, ते शिकवलं.

बोलावलं नाही ते फक्त रेडिओकाकांना.

काकांना हा अपमान सहन होईना. ते तडक सिस्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. "शिंप्याला बोलावलंत आणि मला नाही? माझ्या दुकानात तर माणूस तोंडच पुढे करून बसतो!"

"तुमच्या दुकानात येणाऱ्याच्या तोंडाची मला चिंता नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या तोंडाची आहे."

काका दोन दिवस फुरंगटून बसले. म्हणजे दोन दिवस फक्त याच विषयावर बोलले.

तेवढ्यात प्रूफवाली ताई आली.

गल्लीच्या पार आतल्या टोकाला ती राहायची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासायची, म्हणून ते नाव. आता नोकरी सुटली होती. 'सुटली' असं ती सांगायची. डोळ्यांचा नंबर मायनस अकरा, म्हणजे चष्मा काढला की हातभर अंतरावरचा माणूसही तिला पुसून टाकल्यासारखा. नवऱ्याचं फरश्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, काकांच्या दुकानाच्या बरोबर समोर. फरशीवाला म्हणजे सगळ्यांना हवाहवासा माणूस. म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणार, मुलांच्या गालाला हात लावणार, बायकांशी बोलताना नजर खाली. त्या दिवशी तोच तिला घेऊन आला होता. तिच्या चष्म्याची एक दांडी मुळापासून उखडली होती.

"पडला," फरशीवाला हसत म्हणाला. "वेंधळी आहे हो आमची. जपून वापर म्हणून किती सांगितलं."

शेजारी तिची पहिलीतली मुलगी आईचं बोट धरून उभी होती, जसं आंधळ्याला धरतात तसं. आईने पोरीला धरलेलं नव्हतं, पोरीने आईला धरलं होतं.

ती मंडळी गेल्यावर काकूंनी फ्रेम दिव्याखाली धरली. फार वेळ धरली. मग यंत्र बंद केलं, आणि यंत्र बंद झाल्यावर काकाही आपोआप थांबले.

"पडून असं होत नाही," काकू म्हणाल्या. "बाजूने बसलाय हात. चष्मा डोळ्यांवर असताना."

आता खरं सांगायचं तर काकांचा एक पाय सलूनकडे निघालाही होता. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "हे नाही," एवढंच म्हणाल्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत काकूंनी कधी कशाला अडवलं नव्हतं, त्यामुळे काका जागच्या जागी थिजले. मग ते सलूनऐवजी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेले, शेवटच्या रांगेत बसले आणि बैठक संपून सगळे गेल्यावर सिस्टरांच्या कानाशी लागले. कानाशी लागून बोलायची सवय नसल्यामुळे ते जरा ओरडलेच.

सिस्टरांनी आधी दार लावून घेतलं. मग काकांकडे नीट पाहिलं. "तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. माझं पोट दुखतंय सिस्टर, खोटं नाही सांगत."

"दुखू द्या. मरत नाही त्याने कोणी." मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं. नवऱ्याला काही बोलायचं नाही. तो तुम्हाला काही करणार नाही, तिला करेल. तिला 'का राहतेस' असं विचारायचं नाही. ती स्वतःला हेच रोज विचारत असेल. ती एकटी आली तर एकच वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. तिने उत्तर दिलं नाही तरी गप्प बसायचं. वाक्य असं होतं: "तुझं काही इथे ठेवायचं असेल तर ठेवत जा, कोणाला कळणार नाही."

एकच वाक्य! काकांनी आयुष्यात एक वाक्य बोलून थांबण्याचा प्रयोग केलेला नव्हता. ते आरशापुढे उभं राहून सराव करू लागले. वाक्य संपलं की पुढचं वाक्य जिभेवर येऊन उभंच असायचं, ते ओठ आवळून परत पाठवावं लागायचं. काकू पडद्याआडून ऐकायच्या आणि त्यांच्या यंत्राची घरघर जरा जास्तच चालायची, कारण त्यांना हसू आवरत नसे.

काही दिवसांनी ताई एकटी आली. म्हणजे मुलीसोबत. फरशीवाला समोरच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि बोलता बोलता इकडे लक्ष ठेवून होता. दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. काकांनी स्क्रू पिळला, घाम पुसला आणि वाक्य बोलले. मग ओठ आवळून घेतले.

ताई चष्म्याशिवाय त्यांच्या दिशेने बघत राहिली. दुकानात इतकी शांतता त्या खुर्चीनेही कधी ऐकली नसेल. काकांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. बोलून सावरून घ्यावं. त्यांनी गल्ल्याची कड घट्ट धरली आणि गप्प राहिले.

"एक चष्मा ठेवाल?" ताई म्हणाली. "माझ्या नंबरचा. दुसरा."

मग हळूहळू बाहेर आलं. रागावला की तो चष्मा काढून घेतो. कधी मोडतो. बहुतेकदा खिशात घालून दुकानात नेतो. त्याला दार लावायची गरज पडत नाही. चष्म्याविना ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडते. आता तर न रागावताही नेतो. "मला जायचंय काका. पण मला दिसलं पाहिजे ना."

काका "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि हे त्यांच्या चरित्रातलं सर्वांत छोटं संभाषण ठरलं.

सिस्टर त्यानंतर शाळेतल्या मावशीच्या मदतीने ताईला शाळेच्या फाटकापाशी भेटू लागल्या. पूर्वी एकदा ताई तक्रार द्यायला गेली होती. तिथे फरशीवाला इतका गोड बोलला की सगळ्यांनी मिळून तिचीच समजूत काढली आणि घरी पाठवलं. त्यामुळे आता आधी बाहेर पडायचं, सुरक्षित जागी पोचायचं आणि मग वकिलाला बरोबर घेऊन तक्रार, असं ठरलं. दुसऱ्या गावात मंडळाच्या ओळखीचं एक निवारा-घर होतं. अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी होती. गल्ली मागून बंद. बाहेर पडायची वाट एकच, आणि त्या वाटेच्या तोंडाशी फरशीवाल्याचं दुकान. तो दुकानात असला तर तोंडाशी, घरी असला तर घरात. शाळेत जायची-यायची मिनिटंही तो मोजायचा. जायचं कधी?

इकडे काकूंनी भिंगं घासायला घेतली. मायनस अकराची भिंगं कडेला बोटभर जाड होतात. काकूंनी ती घासून घासून अशी बारीक केली की नव्या नवरीला शोभावीत. फ्रेम निवडली वाकवली तरी न मोडणारी. चष्मा तयार झाला तेव्हा काकांनी तो उजेडात धरून पाहिला आणि आनंदाने त्यांना काही सुचेना.

आणि इथेच घात झाला.

कोणाचाही चष्मा तयार झाला की काका स्वतः फोन करायचे. कितीही गर्दी असो, हा फोन ते दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत. "या! तयार आहे!" हे सांगण्यातच त्यांना धंद्याचं सगळं सुख होतं. इतक्या वर्षांचा हात. डोक्याने विचार करायच्या आत हाताने नंबर फिरवला. नंबर अर्थातच नवऱ्याचा होता.

"या! दुसरा चष्मा तयार आहे!" काका आनंदाने ओरडले.

मग फरशीवाल्याचा मऊ आवाज. "कुठला दुसरा चष्मा, काका?"

पडद्यामागचं यंत्र थांबलं. समोर काचेपलीकडे फरशीवाला कानाला फोन लावून थेट त्यांच्याकडेच बघत होता आणि हसत होता.

पण माणसाचा अवगुण कधी कधी त्याच्या मदतीला धावून येतो. काकांना गप्प राहणं जमत नव्हतं, म्हणून ते बोलू लागले. काय बोलतोय ते त्यांनाही बोलून झाल्यावरच कळत होतं. "तुमचाच हो साहेब! म्हणजे तयार नाही, तयार करायचाय. तपासणी तयार आहे असं म्हणतोय मी. घरातल्या एकाचा चष्मा आमच्याकडे झाला की दुसऱ्याची तपासणी फुकट. परवा तुम्ही बिल वाचताना हात किती लांब धरलात? मी हिला म्हटलंही, एवढा देखणा माणूस, असे डोळे बारीक करून वाचतो, बरं दिसत नाही."

फरशीवाल्याला स्वतःच्या देखणेपणाबद्दल शंका नव्हती, हे काकांचं नशीब. "शनिवारी सकाळी येतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर काका मटकन खाली बसले. काकूंनी पाणी दिलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे काकांना आणखीच वाईट वाटलं. "सिस्टरांना सांग, मी नालायक आहे," ते म्हणाले. "नको, मीच सांगतो. शिव्या तरी नीट खातो."

शिव्या भरपूर खाल्ल्या. सिस्टरांनी इस्पितळातला सगळा आवाज बाहेर काढला. "तुम्हाला का बोलावलं नव्हतं, कळलं आता? त्याला जराही संशय आला असता तर आज तिचं काय झालं असतं?" काका खाली मान घालून ऐकत होते. एरवी ज्याचं उत्तर नसायचं त्यावरही ते अर्धा तास बोलायचे. आज ते रडत होते.

सिस्टर बोलता बोलता मध्येच थांबल्या. "शनिवारी तो तुमच्या खुर्चीत बसणार?"

"हो."

"म्हणजे घरी नाही आणि दुकानातही नाही."

"पण खुर्चीचं तोंड रस्त्याकडे आहे, सिस्टर. गल्लीतून मांजर गेलं तरी त्याला दिसेल."

यावर काकू बोलल्या. काकू तिथे आहेत हे दोघेही विसरले होते. "धुक्यात बसवा," त्या म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ते हसायला लागले. डोळे तपासताना करायची ही नेहमीचीच रीत. माणूस डोळे ताणून बघत असतो, म्हणून आधी मुद्दाम जास्त नंबरची भिंगं चढवायची. लांबचं सगळं धुक्यात जातं आणि डोळे सैल पडतात. मग एकेक भिंग उतरवत खऱ्या नंबरापर्यंत यायचं. एरवी काकांना हे काम उरकायची घाई असे.

"किती वेळ बसवून ठेवाल?" सिस्टरांनी विचारलं.

"बोलण्याच्या जिवावर? दिवे लागेपर्यंत."

शनिवारी फरशीवाला आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. शर्टाच्या खिशातून एक दांडी डोकावत होती. पातळ, तपकिरी, स्क्रूपाशी नवी. काकांनीच पिळलेला स्क्रू. बायकोला घरी अशी कोंडून आलेला हा माणूस हसत हसत खुर्चीत बसला, तेव्हा काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. पण सिस्टरांचा शब्द आठवला: तो तुम्हाला काही करणार नाही, तिला करेल. काकांनी गोल चौकट त्याच्या नाकावर बसवली आणि तोंड सोडलं.

पडद्यामागे कोणी नव्हतं. काकू गल्लीच्या आतल्या बाजूला उघडणाऱ्या मागच्या दाराने केव्हाच गेल्या होत्या, पिशवीत दुसरा चष्मा घेऊन. सिस्टर त्यांच्या पुढे.

"आता डोळे सैल सोडा," काका म्हणाले आणि भिंगं चढवली. "धूसर दिसेल, घाबरायचं नाही. लहान मुलं घाबरतात, तुम्ही थोडेच घाबरणार. ताणायचं नाही. डोळे ताणणारी माणसं लवकर म्हातारी दिसतात. माझ्या मावसभावाचंच बघा." मावसभाऊ झाला. मावसभावाची सासू झाली. सासूच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया टाके काढण्यापर्यंत झाली. फरशीवाला कंटाळून हलला की काका भिंग बदलायचे, "हे बरं की हे?" म्हणायचे, आणि दोन्ही भिंगं सारखीच निकामी असायची.

बोलता बोलता काकांची नजर काचेबाहेर गेली आणि त्यांच्या जिभेला पहिल्यांदा ठेच लागली.

गल्लीतून त्या येत होत्या. पुढे सिस्टर, हातात एक बॅग. मध्ये ताई, मुलीचा हात धरून. मागे काकू. ताईच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता आणि ती समोर बघून चालत होती. पोरीने आईला धरलं नव्हतं. आईने पोरीला धरलं होतं.

"कोण चाललंय बाहेर?" फरशीवाला म्हणाला. त्याचं तोंड सरळ त्यांच्याकडे होतं.

काकांनी विचारलं, "दिसतंय का काही?"

"कोणीतरी बायका. तीन... चार. नीट दिसत नाही."

"उत्तम!" काका ओरडले. "नीट दिसायलाच नको! डोळे अगदी छान सुटलेत तुमचे. फार थोड्यांचे सुटतात इतके."

आणि तेवढ्यात काचेवर टिकटिक झाली. ती पोर येता-जाता दुकानाच्या काचेवर बोटाने टिकटिक करायची आणि काका आतून डोळे मोठे करून दाखवायचे, हा त्यांचा रोजचा खेळ होता. आज तिला कोणी काय सांगितलं असेल ते असो, काचेपाशी आल्यावर बोटाला राहवलं नाही. टिक, टिक. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय?" फरशीवाला चौकट काढायला हात वर नेत म्हणाला.

काकांनी त्याचा हात मध्येच धरला, अगदी हळुवार, वैद्याने धरावा तसा. "पाखरू आहे हो. काचेत स्वतःला बघतं आणि चोच मारतं. रोजचंच आहे. हात लावू नका, सगळं पहिल्यापासून करावं लागेल." आणि फरशीवाल्याच्या खांद्यावरून त्यांनी पोरीला डोळे मोठे करून दाखवले. पोरगी हसली. ताईने तिला ओढलं, आणि त्या दाराच्या चौकटीबाहेर गेल्या. कोपऱ्यापलीकडे औषधवाल्याची गाडी इंजिन सुरू ठेवून उभी होती.

काका त्यानंतरही बरंच बोलले. काय बोलले ते त्यांना आजही आठवत नाही. मग एकेक भिंग उतरलं, तक्त्यावरची अक्षरं ठसठशीत झाली, फरशीवाला "वा!" म्हणाला, आणि आरशात स्वतःला बघून घरी गेला.

परत आला तो धावतच. खिशातला चष्मा आता त्याच्या मुठीत होता. "माझी बायको कुठे आहे?" त्याचा मऊ आवाज पार उसवला होता. "तुम्ही मला इथे बसवून ठेवलंत! तुम्हाला माहीत आहे!"

गल्ली गोळा झाली. सगळे काकांकडे बघू लागले. काकांच्या पोटात ती गोष्ट उकळत होती, घशाशी येत होती, आणि त्यांनी तोंडात गुळणी धरल्यासारखे ओठ आवळले. तेवढ्यात सलूनवाला गर्दीतून म्हणाला, "अहो साहेब, कोणाला विचारताय? रेडिओला? याला माहीत असतं तर मला कालच कळलं असतं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनाही."

सगळे हसले. फरशीवाल्याने आजूबाजूला पाहिलं. हे खरं होतं. त्यालाही पटलं असावं. शिवाय आपण मुठीत बायकोचा चष्मा घेऊन भररस्त्यात ओरडतोय आणि लोक त्या मुठीकडे बघतायत, हेही त्याच्या ध्यानात आलं. शिंपिणीने तर विचारलंच, "साहेब, वहिनींचा चष्मा तुमच्याजवळ कसा?" त्यावर त्याच्याजवळ गोड बोलायला काही नव्हतं. सलूनवाला मंडळाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसायचा, हे मात्र फरशीवाल्याला ठाऊक नव्हतं.

काकू मागच्या दाराने आल्या तेव्हा काका अंधारात, म्हणजे पडदा ओढून, बसले होते.

"पोचल्या?"

"गाडी हलली. पूल ओलांडेपर्यंत मी उभी होते."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडले, आणि रडता रडता हसले. काकूंनी चहा टाकला. यंत्र त्या दिवशी पुन्हा लावलं नाही.

पुढचं सगळं सोपं नव्हतं, पण मार्गी लागलं. मंडळाने वकीलबाई दिली. फरशीवाल्याने तिच्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम झाला. पुढे त्याने दुकान विकलं आणि गाव सोडलं. त्याचा नवा चष्मा न्यायला तो आलाच नाही. सिस्टरांनी काकांच्या काचेवर स्वतःच्या हाताने मंडळाचा कागद चिकटवला. "इथे बोललेलं बाहेर जात नाही" अशी त्यावर ओळ होती, आणि ती वाचून सलूनवाला खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. काका बाकी होते तसेच राहिले. केस रंगवणारे, नोकरी लागणारे, सगळे त्यांच्या तोंडून गल्लीभर फिरत होते. पण आता अधूनमधून एखादी बाई नंबर बदललेला नसतानाही तपासायला यायची. तेव्हा काका आधी दार लावायचे आणि ते एकच वाक्य बोलायचे.

मग बऱ्याच काळाने सिस्टर एक डबी घेऊन आल्या. "तिकडून आलाय. जरा बघा, म्हणाली. तिला तिथल्या छापखान्यात काम मिळालंय."

डबीत दुसरा चष्मा होता. आता काय झालं असेल त्याला, ते काकांच्याने उघडून बघवेना. त्यांनी डबी तशीच पडद्यामागे दिली.

यंत्र थांबलं. काकूंनी फ्रेम दिव्याखाली धरली. दांड्या सरळ होत्या. बिजागऱ्या जागच्या जागी होत्या. कुठे ओरखडा नाही, बाक नाही. नाकपट्ट्या तेवढ्या पिवळ्या पडून झिजल्या होत्या, आणि उजव्या दांडीच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या, प्रूफं वाचताना अडलेल्या शब्दावर माणूस दांडी चावत विचार करतो तशा. काकूंनी तो चष्मा पदराने... नाही, स्वच्छ फडक्याने, दोन्ही बाजूंनी, सावकाश पुसला.

"काय झालंय गं?" काकांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "नाकपट्ट्या बदलायच्यात. हा नांदला."